कढईतली वीज

मुलींचं वसतिगृह, बारामती
१८ ऑगस्ट १९९४

वहिनी,

नमस्कार लिहिणार होते, पण आधीच्या पत्रांतले नमस्कार तू घेतलेसच नाहीत. म्हणून या खेपेला सरळ भांडायलाच बसले आहे.

वळवाच्या पावसात ती वीज पडली आणि आठ दिवसांत तू भावाबरोबर माहेरी कोऱ्हाळ्याला निघून गेलीस. आपल्या बावड्याच्या स्टँडवर मी तुझी पिशवी धरून ठेवली होती, आठवतं? तू म्हणालीस, "वन्सं, सोडा. माझ्यापायी आबांचा हात गेला." एसटी हलली आणि मी तिथंच उभी. दादा तर घरातून बाहेरही आला नव्हता. तो तुझा नवरा असला तरी माझा सख्खा भाऊ आहे, म्हणून सांगते, त्याला बोलता येत नाही. लहानपणी विंचू चावला तेव्हासुद्धा त्यानं आईला संध्याकाळी सांगितलं होतं.

आबा बरे आहेत. डाव्या हातात अजून जोर नाही आणि डाव्या कानानं ऐकू येत नाही. पण त्याचा त्यांना फायदाच झाला आहे. आई बोलायला लागली की ते डावा कान तिच्याकडं करतात. मेंढरांचा वाडा मात्र रिकामाच आहे. त्या विजेतून वाचलेली चार-दोन त्यांनी मामाच्या कळपात घातली. ऊस आला, कॅनॉलचं पाणी आलं, सगळ्यांनी कळप मोडले, तरी आबांनी आपला ठेवला होता. आता सकाळी उठून नुसतीच काठी हातात घेतात आणि बांधापर्यंत जाऊन येतात.

आई तू पायाळू असल्याचं ज्याला त्याला सांगते. "पायाकडनं जलमलेली बाई घरात, मग वीज यायचीच." मी भौतिकशास्त्र शिकते आणि माझ्याच घरात हे चालतं! म्हणून मी ठरवलं आहे की वीज तयार करायची. खरंच. सरांनी परवानगी दिली आहे. पीव्हीसी पाइपचा खांब, त्यावर दोन अल्युमिनियमच्या कढया तोंडाला तोंड लावून केलेला गोळा, आत रबरी पट्टा आणि तो फिरवायला शिलाई मशीनची मोटर. पट्टा खालून वीजभार उचलतो आणि वर कढईत नेऊन टाकतो. ढगातही असंच काहीसं होतं. बर्फाचे कण एकमेकांवर घासतात आणि भार वेगळा होऊन साठत जातो. फार झाला की हवा फोडून उडी मारतो. ती उडी म्हणजे वीज.

आत्तापर्यंत माझ्या कढईनं उडी मारलेली नाही. नुसती घरघर करते. मैत्रिणी विचारतात, "पिठाची गिरणी घातलीस काय?"

उत्तर दे.
तुझीच,
वैष्णवी


बारामती
५ ऑक्टोबर १९९४

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "मी आले तर ती परत येईल. आबांना जपा." मी ते वाचलं आणि मेसमध्ये जेवायलाच गेले नाही.

इतके दिवस मला वाटत होतं, तू आमच्यावर रागावली आहेस. आई वाईट बोलली, दादा गप्प बसला, मग कोण येईल? पण तुला स्वतःलाच हे खरं वाटतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू आम्हाला वाचवायला गेलीस, होय ना?

आता नीट ऐक. मी सरांना त्या दिवसाचं सगळं सांगितलं. बांधावर एकटी बाभूळ. पाऊस आला म्हणून मेंढरं तिच्याखाली शिरली. आबा जवळच काठी टेकून उभे. तू मागं पडलेलं लंगडं कोकरू उचलायला गेलीस आणि गारा लागायला लागल्या म्हणून त्याला मांडीत घेऊन तिथंच उकिडवी बसलीस. वीज बाभळीवर पडली.

ती बाभळीवर पडली कारण त्या सगळ्या माळावर तीच उंच होती. झाडातून ती जमिनीत उतरली आणि चिखलात चहूकडं पसरली, विहिरीत दगड टाकल्यावर लाटा पसरतात तशी. झाडाजवळ जोर जास्त, लांब जावं तसा कमी. मेंढराचे पुढचे पाय एका जागी, मागचे दुसऱ्या जागी. एका पायातून वीज शिरते, पोटातून, काळजातून जाते आणि दुसऱ्या पायातून निघते. म्हणून जनावरं पटकन मरतात. तू लांब होतीस आणि पाय जुळवून बसली होतीस. तुझ्या अंगातून जायला तिला वाटच नव्हती.

आणि मला एक सांग. वीज पायाळू माणसाला शोधत आली म्हणतेस, तर तुझ्या मांडीवरचं कोकरू कसं वाचलं? पहिलं तेच जायला पाहिजे होतं.

जन्मताना पाय आधी आले की डोकं, याचा विजेशी काही संबंध नाही वहिनी. तिला तुझ्या आईची बाळंतपणं माहीत नाहीत.

यंत्र अजून चालत नाही. हवा दमट आहे, भार साठायच्या आत गळून जातो. शिवाय मी पट्ट्याला सायकलची ट्यूब लावली होती. सर हसले. काळ्या रबरात काजळी असते, तिच्यातून भार पळून जातो म्हणाले. आता दवाखान्यात पलंगावर अंथरतात ते रबरी कापड आणलं आहे.

दादाचं एक सांगते, पण मी सांगितलं असं कुठं म्हणू नकोस. इथल्या एमआयडीसीतल्या दूध डेअरीत त्याला गुरुवारी सुट्टी असते. बावड्याला जायच्या ऐवजी तो मोटारसायकल काढून उलट्या दिशेला, कोऱ्हाळ्याच्या फाट्यापर्यंत येतो. तिथं चहा पितो आणि परत फिरतो. मी विचारलं, पुढं का जात नाहीस? म्हणाला, "जाऊन काय बोलू?"

तुझी,
वैष्णवी


बारामती
२७ नोव्हेंबर १९९४

वहिनी,

पडली! काल दुपारी पडली!

थंडी सुरू झाली, हवा कोरडी झाली. मी मोटर लावली आणि सवयीनं वही काढून बसले. मग हाताच्या केसांना कुणी फुंकर घातल्यासारखं वाटलं. मी बोट पुढं केलं आणि चट्! निळी जांभळी रेघ, बोटाएवढी लांब. मी किंचाळले. प्रयोगशाळेतल्या सगळ्या पोरी धावत आल्या आणि मग दुपारभर प्रत्येकीला चटका खायचा होता. घाबरू नकोस. उडी मोठी असते पण वीज मूठभरच, म्हणून मुंगी चावल्याइतकं लागतं. खरी वीज कुणालाच सोडत नाही, ते वेगळं.

मी प्रत्येकीला विचारलं, तू पायाळू आहेस का? शिर्सुफळची एक निघाली, काटेवाडीची एक निघाली. त्यांनाही सगळ्यांइतकंच चट्. सर म्हणाले, "याला पुरावा म्हणत नाहीत, वैष्णवी." मला माहीत आहे. पण त्या काटेवाडीच्या मुलीचं तोंड बघायला हवं होतंस. वीज कडाडली की तिला लहानपणापासून आत कोंडतात. ती परत परत येऊन बोट लावत होती.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. दिवाळीत इंदापूरहून पाहुणे येऊन गेले. दादासाठी. आईनं बोलावले होते. मुलगी डोक्यानं जन्मलेली आहे, हे त्यांनी चहाच्या आधीच सांगितलं. दादा उठला, चपला घातल्या आणि उसाला पाणी धरायला निघून गेला. ते लोक अंधार पडेपर्यंत बसले, तो आलाच नाही. शेवटी आबा म्हणाले, "पाव्हणं, आमचं पोरगं बोलत न्हाय, पर त्याचं उत्तर तुमाला कळलं आसंल."

म्हणजे अजून वेळ आहे. पण आई थांबणार नाही. मला पुढच्या महिना-दीड महिन्यात काहीतरी करायलाच पाहिजे.

कॉलेजात संक्रांतीच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन आहे. आई-आबांना आणणार आहे. तूही ये ना. बारामतीला यायला तुला कितीसा वेळ लागतो?

वैष्णवी


बारामती
१६ जानेवारी १९९५

वहिनी,

तू आली नाहीस. मी दारापाशी वाट बघत होते. पण आता वाटतं, नाही आलीस ते बरं झालं. जे झालं ते तुझ्यासमोर आईच्या तोंडून निघालं नसतं.

दादा आई-आबांना घेऊन आला. आईनं कपाटातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. हॉल खचाखच भरलेला. मी आधी सगळ्यांना चट् करून दाखवलं. आबा पुढच्या बाकावरून मोठ्यानं म्हणाले, "आन् गडगडाट कुठाय?" सगळे हसले. मी सांगितलं, वीज ज्या वाटेनं जाते तिथली हवा क्षणात तापते आणि फुटल्यासारखी फुगते, तोच आवाज. बोटाएवढ्या विजेचा चट्, कोसभर लांब विजेचा गडगडाट. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा मागून, म्हणून तो घरंगळत येतो. आबांचं समाधान झालं नाही. म्हणाले, "जत्रंच्या नाटकात मी पत्रा हालवायचो, त्यो बरा वाजायचा."

मग शेवटचा प्रयोग. मी वेणी सोडली, उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या टबावर उभी राहिले आणि कढईवर दोन्ही हात ठेवले. मैत्रिणीनं मोटर लावली. अंगात भार भरत गेला की एकेक केस दुसऱ्याला दूर ढकलतो. माझे केस उठायला लागले. आधी कपाळावरचे, मग सगळेच, जत्रेतल्या देवीच्या मुखवट्यासारखे. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

आणि आई ओरडली.

"वैशे! उतर खाली! उतर म्हंते ना! आगं पायाळू हायस तू!"

टाळ्या थांबल्या. नुसती मोटर घरघरत होती. आई बाकांमधून वाट काढत आली आणि मला ओढायला तिनं हात पुढं केला. माझ्या कोपराचं आणि तिच्या बोटाचं चट् झालं. ती मागं सरली. बोटाकडं बघत राहिली. मी तशीच, केस उभे, तोंड उघडं.

आबांचा उजवा कान चांगला आहे. ते शांतपणे म्हणाले, "ही कवा झाली पायाळू?"

कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळा हॉल हसायला लागला. मैत्रिणीनं मोटर बंद केली. मला हसू येत नव्हतं.

आम्ही बाहेर मैदानात कडुनिंबाखाली बसलो. आईला पाणी दिलं. तिनं सांगितलं ते तसंच लिहिते.

"तू पायाकडनं आलीस. धोंडाबाई सुईण व्हती, तिला मी देवाची आन घातली. पोरीची जात, पुढं कोण करून घील? तुझ्या बालाबी सांगितलं न्हाय. दर पावसाळ्यात तुला कणगीमागं बसवायची, ती काय उगं न्हाय. आन् मग दादासोला केली ती पोरगीबी पायाळू निघाली. लगीन झाल्यावर कळलं. म्हणलं, एका छपराखाली दोन. बाभळीवर पडली तवा तू सुट्टीला घरीच व्हतीस. मला वाटलं, आता हुडकत घरात येती. मग एकीला तरी..."

"एकीला वाचवलीस," मी म्हटलं. "आणि दुसरीला?"

ती पदरानं तोंड पुसत राहिली. दादा पाठमोरा उभा होता. तो वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून आईला म्हणाला, "आये, तुला माझ्या गाडीवर बसता येतं का?"

मला आईचा राग आला आहे. तिचा जीव माझ्यासाठी तुटत होता हे कळूनही आला आहे. माझ्यासाठीची भीती तिनं तुझ्या अंगावर टाकली आणि तुला घराबाहेर ठेवलं. मी या घरात वीस वर्षं सुखानं झोपले ते का, हे मला काल कळलं. पण बोटाकडं बघत ती उभी होती ना, तेव्हा मला ती फार लहान दिसली. चटका तिलाही बसला होता. आणि ती तर डोक्यानं जन्मलेली.

मी पायाळू आहे, वहिनी. आपण दोघी सारख्या. आता मला एक सांग, मी घर सोडून जाऊ का?

वैष्णवी


कोऱ्हाळे बुद्रुक
१२ फेब्रुवारी १९९५

वन्संना सारजाचा नमस्कार.

मला तुमच्यासारखं लांबलचक लिवता येत न्हाय, सातवीपातूर शिकले. तरी आज लिवते.

गुरवारी दुपारी फाट्याकडनं गाडी आली. मी वळखली, पर या खेपेला ती माघारी फिरली न्हाय. मागं आत्याबाई बसलेल्या, दोनी हातांनी ह्यांचा सदरा धरून. उतरल्या आन् थेट आत आल्या. माज्या आईनं पाट मांडला. त्या पाटावर बसल्याच न्हाईत, खाली बसल्या. म्हणाल्या, "सारजा, माझी पोर बी पायाळू हाय. मी ते लपिवलं आन् तुझं गावभर केलं. तुझं चुकलं न्हवतं. चल घरी."

मला रडू आलं. मला वाटलं हुतं, त्या आल्या तर मी लय बोलीन. त्येच्या जागी नुसता पदर डोळ्याला लावला.

पर म्या लगीच व्हय म्हणलं न्हाय. म्हणलं, आत्याबाई, तुमचं भ्या गेलं, माझं आजून हाय. आबांचा हात मी डोळ्यानं बघितलाय. वन्संचं यंत्र दावा, मंग ठरवते. त्या म्हणाल्या, "बरूबर हाय तुझं."

हे अंगणात गाडीपाशी हुभं. मी पानी द्यायला गेले तर म्हणाले, "मी फाट्यापातूर येत हुतो." मी म्हणलं, "मला ठावं हाय. फाट्यावरचं हाटेल माज्या चुलतबहिनीचं हाय. दर गुरवारी सांजच्याला मला निरोप येतो, आज बी आला, च्या प्याला, गेला." ते खाली बघून हसले. किती म्हैन्यांनी हसले आसतील!

येत्या गुरवारी बारामतीला येते. कढई तयार ठिवा.

तुमची,
सारजा


बारामती
१९ फेब्रुवारी १९९५

वहिनी,

हे पत्र बावड्याच्या पत्त्यावर टाकते आहे. तो पत्ता पाकिटावर लिहिताना हात जरा थांबला, आनंदानं.

गुरुवारी तू प्रयोगशाळेत आलीस तेव्हा मला वाटलं होतं, खूप समजावून सांगावं लागेल. सगळं पाठ करून ठेवलं होतं. तू काहीच ऐकलं नाहीस. पदर खोचलास, डोळे मिटलेस आणि बोट पुढं केलंस. चट्. तू डोळे उघडून म्हणालीस, "येवढंच?" मग परत लावलंस. मग माझं बोट धरून माझंही लावायला लावलंस आणि दोघींचं बघत राहिलीस. मग दादाचं लावलंस आणि तो असा ओरडला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. हसता हसता तू रडायला लागलीस, मग मीही. दादानं आपला रुमाल काढला आणि कुणाला द्यावा ते न कळून स्वतःच नाक पुसलं.

कढईतली वीज आणि आभाळातली वीज यात मुंगी आणि हत्तीचा फरक आहे, हे विसरू नकोस. भ्यायचं तर सगळ्यांनीच भ्यायचं, सारखंच. आभाळ गडगडलं की एकट्या झाडाखाली जायचं नाही, माळावर उभं राहायचं नाही, पक्क्या घरात यायचं. घर लांब असलं तर पाय जुळवून उकिडवं बसायचं. आबांना उजव्या कानात सांग.

आईशी मी बोलायला लागले आहे. थोडं थोडं.

वैष्णवी


बावडा
१४ ऑक्टोबर १९९५

वन्सं,

तुमचं पत्र आलं, तिसऱ्या वर्षाचा अभ्यास लय हाय म्हणता, तर ह्ये वाचून लगीच पुस्तक उघडा.

काल परतीचा पाऊस लय वाजला. दुपारीच अंधारलं. आबा बांधावर हुते, पळत घरात आले. आम्ही सगळी मधल्या घरात बसलो. इजा अशा चमकत हुत्या की भितीवरचं क्यालेंडर वाचता यावं. आत्याबाईंनी माझा हात धरला हुता. मला वाटलं त्या मला धीर देत्यात. मंग बघितलं तर त्यांचाच हात गार पडलेला. मीच धरून बसले.

दुसरी गोष्ट. मला सातवा लागला, तुमाला ठावं हाय. सोमवारी इंदापूरला दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून बघितलं आन् म्हणाल्या, बाळ पायाळू हाय. आजून येळ हाय, फिरंल. न्हाय फिरलं तर बाळंतपनाला बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात आणा, घरी करू नका.

मी खाली बघत बसले. ह्यांचं तोंड उतरलं. आत्याबाई बाकावर हुत्या, त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता.

त्या उठल्या. डॉक्टरीणबाईला इचारलं, "बाळ-बाळंतीन सुखरूप ऱ्हातील न्हवं?" बाई म्हणाल्या, "राहतील, येळेवर आणा." आत्याबाईंनी मान डोलावली.

येताना यष्टीत शेजारच्या बाईनं त्यांना इचारलं, कुठं गेला हुता? वन्सं, आख्ख्या गाडीला आयकू जाईल आशा आवाजात त्या म्हणाल्या, "सुनंला दवाखान्यात दावाया न्हेलती. नातवंड पायाळू हाय आमचं. माझी लेक बी पायाळू, सून बी पायाळू, आन् लेक तर तिकडं बारामतीला इजा बनवती!"

ती बाई जरा सरकून बसली. आत्याबाई तिच्याकडं सरकल्या आन् म्हणाल्या, "भिऊ नगंस. आमच्या घरात पाय म्होरं टाकून चालतच येत्यात समदी."

तुमची,
सारजा